दिल्ली, आग्रा, जयपूर: गाडी-चालक ठरवून सात दिवसांची सहल कशी आखावी

मोठ्या ग्रुप टूरबरोबर गेलात तर हॉटेल, जेवण, तिकिटं यांची काळजी नसते, पण ताजमहालासमोर उभं असताना "चला, पंधरा मिनिटांत बस सुटणार" हेही ऐकावं लागतं. गाडी आणि चालक स्वतः ठरवून जाण्यात काळजी वाढते आणि घड्याळ आपल्या हातात येतं. तेवढ्यासाठीच हा खटाटोप करायचा. म्हणून पुढे जे काही सांगितलं आहे त्यात पैसे वाचवण्यापेक्षा वेळ वाचवण्याचा विचार जास्त आहे.

कॅलेंडर आधी, तिकिटं नंतर

ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. लाल किल्ला सोमवारी बंद. दिल्लीतलं राष्ट्रीय संग्रहालय आणि अक्षरधाम मंदिरही सोमवारी बंद. हे वाचून कुणी म्हणेल, एवढं कोण विसरतं? आम्ही विसरलो होतो. पहिल्या खेपेला स्वस्त विमान मिळालं म्हणून तारखा पक्क्या केल्या, गुरुवारी संध्याकाळी आग्र्यात पोचलो आणि शनिवारी सकाळी जयपूरला निघायचं होतं. ताज पाहिला तो नदीच्या पलीकडून. तेव्हापासून उलट सुरुवात करतो: ताजचा दिवस मंगळवार किंवा गुरुवार धरायचा (बुधवार धरला तर दिल्लीतला लाल किल्ल्याचा दिवस सोमवारी येतो), त्याच्या आधी तीन दिवस दिल्ली आणि प्रवास, नंतर जयपूर. शनिवार-रविवारी ताजला तोबा गर्दी असते, ते दोन दिवस जमल्यास टाळायचे.

महिन्याचं काय? आपल्याकडच्या सुट्ट्या आणि उत्तरेतली चांगली हवा यांचं गणित जमत नाही, हे आधी मान्य करून टाकू. मे महिन्यात आग्र्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो आणि संगमरवर, लाल दगड दोन्ही तापलेले असतात. दिवाळीच्या सुट्टीत दिल्लीची हवा वर्षातली सगळ्यात वाईट. नाताळात धुकं. उत्तम काळ म्हणजे फेब्रुवारी आणि मार्चचा पूर्वार्ध, नाहीतर ऑक्टोबर. शाळकरी मुलं बरोबर असतील आणि पर्याय नसेल तर नाताळ घ्या, पण मग विमान-रेल्वेला उशीर होणार हे धरून पहिला दिवस मोकळा ठेवा. १५ ऑगस्टच्या आधी काही दिवस लाल किल्ला बंद असतो आणि २६ जानेवारीच्या सुमारास दिल्लीतले रस्ते वळवलेले असतात, तेही लक्षात असू द्या.

दिल्लीत उतरा, जयपूरहून घरी या

नवखे लोक जाता-येता दिल्लीचंच तिकीट काढतात. मग शेवटचा अख्खा दिवस जयपूर-दिल्ली या २७५ किलोमीटरमध्ये जातो. मुंबई आणि पुण्याहून जयपूरला थेट विमानं आहेत, मुंबईहून थेट रेल्वेही आहे. परतीचं तिकीट जयपूरचं काढलं की एक दिवस हातात येतो. गाडीवाला रिकाम्या परतीचे पैसे लावतो हे खरं, पण एका दिवसाच्या हॉटेलपेक्षा ते जड जात नाहीत.

दिवसांची मांडणी मी अशी करतो. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत दिल्ली, संध्याकाळी हुमायूनची कबर. दुसरा दिवस दिल्ली. तिसऱ्या दिवशी पहाटे आग्र्याला. चौथा दिवस ताज आणि आग्र्याचा किल्ला. पाचव्या दिवशी फतेहपूर सिक्री करत जयपूर. सहावा दिवस आमेर, सातवा जयपूर शहर आणि संध्याकाळचं विमान. कुणाला पाचच दिवस मिळत असतील तर दिल्लीचा एक दिवस कापा आणि ताज पाहून त्याच दुपारी जयपूरची वाट धरा. मथुरा, वृंदावन, पुष्कर, अजमेर असं सगळं त्यात कोंबू नका. एजंट "रस्त्यातच आहे" म्हणतील. नकाशावर ते रस्त्यात असतंही, पण घड्याळात नसतं.

गाडी: दर कसा समजून घ्यायचा

बाहेरगावच्या गाडीचा हिशेब बहुधा दिवसाला किमान २५० किलोमीटर असा असतो. तुम्ही कमी फिरलात तरी २५० चे पैसे. हे कळलं की पुढचं गणित घरी बसून करता येतं. दिल्ली ते आग्रा साधारण २३०, आग्रा ते जयपूर २४०, जयपूर ते दिल्ली रिकामी परत २७५, आणि इकडेतिकडे पन्नास: म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर. गाडी तिसऱ्या दिवशी सकाळी घेतली आणि पाचव्या दिवशी जयपूरला पोचून सोडली तर तीन दिवसांचे किमान ७५०, म्हणजे जवळपास जेवढे फिरलात तेवढ्याचेच पैसे. तीच गाडी सातव्या दिवसापर्यंत ठेवली तर १२५० किलोमीटरचं बिल येतं. दर किलोमीटरला १२ रुपये धरला तर फरक ५,४०० रुपयांचा. जयपुरात मग दोन दिवस स्थानिक गाडी "८ तास ८० किलोमीटर" या हिशेबाने घ्या. पैशात शेवटी फार फरक पडणार नाही कदाचित, पण स्थानिक चालकाला गल्ल्या माहीत असतात. उलट बरोबर आजी-आजोबा असतील, सामान खूप असेल आणि चालकाशी सूर जुळला असेल तर तीच गाडी ठेवा, खुशाल.

दिल्लीत मात्र गाडी अडकवून ठेवू नका. चांदणी चौकाच्या मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारींना बंदीच आहे. मेट्रो 'लाल किला' आणि 'चांदनी चौक' या दोन्ही स्थानकांवर सोडते.

चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर छोटी सेडान पुरत नाही. दिल्लीकडच्या बहुतेक टॅक्सी सीएनजीवर असतात आणि डिकीची अर्धी जागा सिलिंडर खातो. "टपावर कॅरियर आहे का?" हा प्रश्न विचारा, नाहीतर सरळ एर्टिगा किंवा इनोव्हा सांगा. थंडीत दिल्लीची हवा बिघडली की जुन्या डिझेल गाड्यांना बंदी लागते, म्हणून त्या दिवसांत सीएनजी किंवा नवी बीएस-६ गाडीच मागा. आणि नंबरप्लेट पिवळीच हवी. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते, पण राज्याच्या सीमेवर अडवली तर आणि अपघात झाला तर भुर्दंड आपल्यावर.

ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मी हिंदीत एकच निरोप पाठवतो आणि समोरच्याकडून "ओके" घेतो: "गाड़ी का मॉडल, टोल, पार्किंग, स्टेट टैक्स, ड्राइवर का भत्ता, रात का चार्ज, सब मिलाकर कितना? किलोमीटर कहाँ से गिनेंगे? बीच में शॉपिंग के लिए नहीं रुकना है।" किलोमीटर कुठून मोजणार, हा यातला सगळ्यात कामाचा प्रश्न. काही जण गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतात. निघताना मीटरचा फोटो काढा. आगाऊ रक्कम थोडीच द्या, बाकीची शेवटी.

चालकाच्या झोपायची सोय हॉटेलात आहे का, हेही बुकिंग करतानाच विचारा. नसली तर तो थंडीत गाडीतच झोपतो, आणि दुसऱ्या दिवशी अडीचशे किलोमीटर आपल्याला त्याच्याच भरवशावर जायचं असतं.

दिल्ली आधी आणि आग्रा नंतर, हे का

नवी दिल्ली स्टेशनबाहेर "तुमचं हॉटेल बंद झालंय", "सरकारी टुरिस्ट ऑफिस इकडे आहे" असं सांगणारे भेटतील. ऐकायचं नाही, थांबायचं नाही, हॉटेलला स्वतः फोन करायचा. राहायला मेट्रो स्थानकापासून चालत जाता येईल अशी जागा घ्या.

हुमायूनची कबर पहिल्या संध्याकाळी ठेवली आहे, त्याला कारण आहे. १५७२ च्या सुमारास पूर्ण झालेली ही वास्तू पाहिली की ताजचा आराखडा कुठून आला ते डोळ्यांना कळतं: चार भागांतली बाग, मधे उंच चौथरा, वर दुहेरी घुमट. फक्त दगड लाल. मग आग्र्याजवळ सिकंदऱ्याला अकबराची कबर, १६१३ ची. तिच्या दरवाजावर चार पांढरे मिनार उगवलेले दिसतात. नंतर यमुनेच्या डाव्या तीरावर इतमाद-उद-दौलाची कबर, नूरजहाँने वडिलांसाठी १६२८ पर्यंत बांधून घेतलेली. इथे लाल दगड गेला, सगळा संगमरवर आला आणि त्यात रंगीत खड्यांची पच्चीकारी. हे सगळं एकत्र होतं ताजमध्ये. या क्रमाने पाहणारा माणूस ताजसमोर नुसता "वाहवा" करत नाही, त्याला कोणती गोष्ट कुठून आली ते ओळखू येतं. ताज आधी पाहिलात तर बाकीच्या तिन्ही कबरी "त्यापेक्षा लहान" एवढ्याच लक्षात राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुतुबमिनार आणि तिथला लोहस्तंभ, दुपारनंतर लाल किल्ला आणि चांदणी चौक. लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासमध्ये गेलात की वर पाहा. या छताचा चांदीचा पत्रा १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी उतरवून वितळवला. पुढच्या जानेवारीत पानिपत झालं. ज्यांना पानिपतला काला आंब इथलं स्मारक पाहायचं आहे त्यांनी दिल्लीत एक दिवस वाढवावा. अंतर नव्वदेक किलोमीटर आहे आणि अर्ध्या दिवसात जाऊन येणं होतं.

आग्रा

यमुना एक्स्प्रेसवे १६५ किलोमीटरचा. सकाळी साडेसहाला दिल्ली सोडली तर दहा-साडेदहाला आग्रा. धुक्याच्या दिवसांत मात्र पहाटे निघू नका. त्या काळात मोटारींची वेगमर्यादा १०० वरून ७५ वर आणतात, ती उगाच नाही. आठ-नऊपर्यंत नाश्ता करा, ऊन पडलं की निघा.

हा रस्ता आग्र्याला नदीच्या डाव्या तीराने पोचतो. इतमाद-उद-दौला आणि मेहताब बाग दोन्ही याच तीरावर आहेत. म्हणजे त्यांच्यासाठी पूल ओलांडून परत यायची गरज नाही. आधी इतमाद-उद-दौला, मग जेवून विश्रांती, आणि सूर्यास्ताला मेहताब बागेतून ताजची मागची बाजू. दिवसभरात फक्त हे दोन केलं तरी पुरे. सिकंदरा दिल्ली-मथुरेच्या जुन्या रस्त्यावर आहे, त्यासाठी वाट थोडी वाकडी करावी लागते. ज्यांना मघाची साखळी पुरी करायची आहे त्यांनी करावी.

ताजसाठी आदल्या रात्रीच पुरातत्त्व खात्याच्या संकेतस्थळावरून तिकीट काढा. भारतीयांना ५० रुपये आणि मुख्य कबरीत जायचे आणखी २००. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. हे २०० वाचवावेत का? आत प्रतिकृतीच आहेत, खऱ्या कबरी तळघरात, आणि रेटारेटी असते, हे सगळं खरं. पण कबरीभोवतीची जाळी आणि तिच्यावरची पच्चीकारी जवळून पाहायची तर आत जावंच लागतं. एकदा जा. तिकीट तीन तास चालतं.

दरवाजे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतात. ऑक्टोबर, फेब्रुवारी, मार्चमध्ये पहाटेच जा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे रांगेत उभं राहून धुक्याची भिंत पाहून परतलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, तेव्हा साडेदहानंतर जाणं शहाणपणाचं. गाडी दरवाजापर्यंत जात नाही, पाचशे मीटर आधीच थांबते. तिथून बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या मिळतात. पूर्वेच्या दरवाजाला शिल्पग्रामचा वाहनतळ आहे, तो सोयीचा. पिशवीत खाण्याचे पदार्थ, तंबाखू, लायटर, ट्रायपॉड ठेवू नका, तपासणीत बाहेर काढतात आणि ठेवायला परत मागे पाठवतात. बायका आणि पुरुषांच्या रांगा वेगळ्या असतात, तेव्हा आत कुठे भेटायचं ते आधीच ठरवा आणि प्रत्येकाचं तिकीट त्याच्या-त्याच्या फोनवर असू द्या. पौर्णिमा आणि तिच्या आधीचे-नंतरचे दोन-दोन दिवस रात्रीही ताज पाहता येतो, शुक्रवार आणि रमजान सोडून.

आग्र्याच्या किल्ल्याला मराठी माणसाने घाई करू नये. शहाजहान इथेच १६५८ पासून नजरकैदेत होता आणि जानेवारी १६६६ मध्ये वारला. चारच महिन्यांनी, १२ मे १६६६ ला, शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे होते, ते याच किल्ल्यात. एखादा गाइड खोली दाखवून "यहीं पर क़ैद थे" सांगेल. तसं नव्हतं. महाराजांचा मुक्काम किल्ल्याबाहेर, मिर्झाराजांचा मुलगा रामसिंग याच्या छावणीजवळ होता आणि त्याभोवती फुलादखानाचा पहारा. १७ ऑगस्टला ते निसटले. किल्ल्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, बाहेर पडल्यावर बहुतेक मराठी मंडळी तिथे थांबतातच.

आता आग्र्याच्या दुकानांविषयी, कारण इथेच सगळ्यांचा वेळ जातो. एका सहलीत आमच्या चालकाने "फक्त पाच मिनिटं, बघायचे पैसे नाहीत" म्हणून संगमरवराच्या दुकानात नेलं. शहाजहानच्या कारागिरांचे वंशज, दगडावर दिव्याचा प्रकाश, चहा, मग आणखी एक दालन. दीड तास गेला आणि किल्ला धावत पाहिला. चालकाला यात कमिशन असतं आणि ते त्याच्या कमाईचा भाग झालेलं आहे, म्हणून त्याच्यावर चिडून उपयोग नाही. आधीच सांगायचं: दुकानात जायचं नाही, शेवटी बक्षिसी चांगली देऊ. हे चालतं. तरीही घ्यायचंच असेल तर लक्षात ठेवा, सोपस्टोन नखाने ओरखडतो, संगमरवर नाही.

वाटेवर, आणि बोलण्याबद्दल एक

फतेहपूर सिक्री आग्र्यापासून चाळीसेक किलोमीटर, जयपूरच्याच रस्त्यावर. गाडी खालीच ठेवून तिथल्या बसने वर जायचं. राजवाड्याच्या भागाला तिकीट आहे. दर्ग्याला आणि ५४ मीटर उंच बुलंद दरवाजाला नाही, आणि म्हणून स्वयंघोषित गाइड आणि चादर विकणारे तिथेच गाठतात. चादर चढवायची सक्ती नसते. दर्ग्याच्या आवारात अनवाणी चालावं लागतं, दुपारी फरशी भाजते, मोजे जवळ ठेवा. पुढे दौसाच्या अलीकडे वाट सोडून आभानेरीची चांद बावडी पाहता येते: तेरा मजले, सुमारे साडेतीन हजार पायऱ्या, नवव्या शतकाच्या आसपासची. अर्धा तास पुरतो. पण सिक्रीत अकरापर्यंत आटोपलं नसेल तर ती सोडा.

आपल्या हिंदीत "तुम" सहज येतं. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, पण दिल्ली-आग्र्याकडे अनोळखी माणसाला ते उद्धट वाटतं. चालकाला "आप" म्हणा आणि नावापुढे "जी" लावा. चहाला थांबलात की त्यालाही बोलवा.

जयपूर

हॉटेल परकोट्याबाहेर, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या शहराबाहेर, बनीपार्क किंवा एमआय रोडच्या आसपास घ्या. जोहरी बाजारात संध्याकाळी गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते.

आमेर शहरापासून अकरा किलोमीटर. सकाळी आठला उघडतो तेव्हाच पोचा. वर जायला जीप मिळते. गुडघे दुखणाऱ्यांनी जीपच घ्यावी, आणि तरुणांनी चालत जावं, चढ फार नाही. हत्तीवरून जाण्याच्या भानगडीत मी पडत नाही, आणि बरोबरच्यांनाही पडू देत नाही. आमेर हे मिर्झाराजे जयसिंगांचं, पुरंदरचा तह ज्यांच्याशी झाला त्यांचं. जयपूर वसवणारे सवाई जयसिंग वेगळे, त्यांचे पणतू-खापरपणतूंच्या पिढीतले. आपल्याकडे या दोघांची हमखास गल्लत होते. सवाई जयसिंगही कोवळ्या वयात आपल्याकडे येऊन गेले होते, १७०२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेतून विशाळगडाच्या वेढ्यात. आमेरच्या वर जयगड आहे, तिथपर्यंत गाडी जाते, जयबाण तोफ तिथेच.

शहर १७२७ चं. सरळ रस्ते, चौकोनी पेठा. गुलाबी रंग १८७६ मधला, इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी दिलेला. हवामहल (१७९९) रस्त्यावरून पाहिला की दर्शनी भाग झाला, आत जायचा दरवाजा मागच्या बाजूला आहे. जंतरमंतर ही वेधशाळा मात्र दुपारी, स्वच्छ उन्हातच पाहा. सत्तावीस मीटरच्या सम्राट यंत्राची सावली डोळ्यांदेखत सरकते आणि दोन सेकंदांपर्यंत वेळ सांगते. ढगाळ दिवशी ते नुसते जिने दिसतात. बाकी ठिकाणी मी गाइड घेत नाही, पण इथे घेतो. पर्यटन खात्याचं ओळखपत्र गळ्यात असलेलाच घ्या आणि पैसे माणशी नव्हे, पूर्ण गटाचे ठरवा. जयपूरच्या बऱ्याच स्थळांचं मिळून एक एकत्रित तिकीट निघतं, पहिल्या खिडकीवरच त्याची चौकशी करा.

प्याज कचोरी सकाळीच खावी, गरम असते. पेठा आग्र्याहून आणायचा असेल तर कोरडा घ्या. पाकातला घेतलात तर बॅगेतले कपडे धुवायला टाकावे लागतात.

गाडी सोडताना पुन्हा मीटरचा फोटो काढा, टोलच्या पावत्या निरोपातल्या आकड्याशी ताडून पाहा आणि उरलेली रक्कम मालकाला द्या. बक्षिसी मात्र चालकाच्या हातात, वेगळी. मग मागच्या सीटखाली एकदा हात घाला. आमचा एक चार्जर आणि एक कानटोपी अजून तशाच कुठल्या तरी एर्टिगात फिरत असतील.